जिंकलेला संघ का मोडतात?

या वेळी हॉकीची पत्रं एकत्र घेतली आहेत. पॅरिस ऑलिंपिकनंतर ती वाढली, आणि २०२५च्या जूननंतर त्यांचा सूरही चढला. उत्तरं एका प्रेक्षकाची आहेत, निवड समितीची नाहीत. त्यामुळे मतं सडेतोड असली तरी त्यांच्यामुळे कुणाची संघातली जागा जाणार नाही.

प्रश्न : पॅरिसला ब्राँझ जिंकलेला आपला हॉकी संघ पुढच्याच वर्षी युरोपात ओळीने सात सामने हरला. जिंकलेला संघ तसाच ठेवायला यांचं काय जातं? दर ऑलिंपिकनंतर नव्या बांधणीच्या नावाखाली ही मोडतोड कशाला? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : गुरुजी, राग रास्त आहे, पण मोडतोड झालीच नव्हती. जून २०२५मध्ये प्रो लीगसाठी युरोपात गेलेल्या संघात पॅरिसचे बहुतेक चेहरे होते. डोळ्यांत भरेल अशी उणीव एकच, ती म्हणजे गोलात श्रीजेश नव्हता. म्हणजे तुम्हाला हवा तसा संघ ठेवला होता, आणि तोच हरला.

आता ते सात पराभव जरा जवळून बघा. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही वेळा २-३. सहा सामने एकेका गोलाने गेले. बेल्जियमने मात्र ३-६ असं धुतलं, आणि त्याच बेल्जियमला पुढच्या सामन्यात आपण ४-३ हरवलं. कर्णधार हरमनप्रीत दुखापतीमुळे काही सामन्यांत नव्हता हेही खरं. तरी सहा वेळा एका गोलाने हरण्याला मी नशीब म्हणणार नाही. एकदा झालं तर नशीब, सहा वेळा झालं तर सवय. शेवटच्या क्वार्टरमध्ये चेंडू जवळ ठेवून वेळ काढायचा असतो, तिथे आपण अजूनही घाईने पुढे मारतो आणि चेंडू समोरच्याच्या काठीत देऊन बसतो. हे दोष जुनेच आहेत. जुनीच माणसं ठेवली की ते राहणारच.

जिंकलेला संघ तसाच ठेवून बघितला तो बेल्जियमने. २०१६च्या रिओत त्यांनी रौप्य घेतलं, २०१८ला भुवनेश्वरमध्ये वर्ल्डकप जिंकला, टोकियोत सुवर्ण मिळवलं, २०२३च्या वर्ल्डकपची अंतिम फेरीही गाठली. मन लावून बघावं असं हॉकी होतं ते. संघाचा गाभा मात्र जवळजवळ तोच राहिला. पॅरिसला गेले तेव्हा गोलरक्षक व्हानाश आणि मधल्या फळीतला जॉन-जॉन डोमेन, दोघेही छत्तिशीत होते. गटात त्यांनी आपल्याला २-१ हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण असलेल्या स्पेनने त्यांना ३-२ने घरी पाठवलं. एवढ्या गुणी पिढीच्या वाट्याला असा शेवट यावा याचं मला वाईट वाटलं. पण थकलेल्या पायांना साठ मिनिटं धावायला लावायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मग सगळे काढून पोरं घ्यायची का? तोही उद्योग आपण करून बसलो आहोत. १९९८च्या डिसेंबरात बँकॉकला धनराज पिल्लेच्या संघाने आशियाई सुवर्ण जिंकलं. १९६६नंतर पहिल्यांदाच. खेळाडू परत आले, आणि लवकरच धनराजसकट अनेक ज्येष्ठांना ‘विश्रांती’ देण्यात आली. प्रशिक्षक कौशिकही गेले. खेळाडू पैशांबद्दल आणि सोयींबद्दल बोलले होते, हे त्या विश्रांतीचं खरं कारण असल्याची चर्चा तेव्हा उघड उघड होती. पुढे धनराजला परत बोलवावंच लागलं. पण सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीच्या उंबऱ्यावर असताना पोलंडने अगदी शेवटी गोल करून १-१ बरोबरी साधली आणि आपण सातवे आलो. मधल्या काळात जे विस्कटलं, ते शेवटच्या मिनिटांत असं बाहेर आलं असं माझं मत. धनराजच्या खडकीचे लोक अजून हा विषय निघाला की आवाज चढवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर दोन ज्युनिअर संघांत आहे. दोन्ही जगज्जेते, मध्ये पंधरा वर्षांचं अंतर.

पहिला २००१चा. ऑस्ट्रेलियात होबार्टला आपल्या पोरांनी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ६-१ लोळवलं. दीपक ठाकूर, गगन अजित सिंग आणि ड्रॅग-फ्लिक मारणारा जुगराज सिंग. (आता संघात-राखीवात दिसतो तो जुगराज वेगळा.) तो खेळ बघून अथेन्सचं पदक आपलंच, असं वाटणारे माझ्यासारखे वेडे पुष्कळ होते. २००३च्या सप्टेंबरमध्ये मोटारीच्या अपघातात जुगराज जायबंदी झाला. हे कुणाच्या हातात नव्हतं. पण ऑलिंपिक अगदी तोंडावर आलं असताना राजिंदर सिंग यांना बाजूला करून जर्मनीहून गेरहार्ड राख यांना आणलं, हे हातातलं होतं. नवे प्रशिक्षक खेळाडूंची नावं पाठ करेपर्यंत स्पर्धा सुरू झाली. अथेन्सला पुन्हा सातवे. चार वर्षांनी, २००८च्या मार्चमध्ये, चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनकडून ०-२ हरून आपण इतिहासात पहिल्यांदा ऑलिंपिकला मुकलो. मुंबईचे जोकिम कार्व्हालो प्रशिक्षक होते, त्यांनी राजीनामा दिला. राग सगळा त्या एका सामन्यावर निघाला. खरं तर होबार्टची पिढी वाया गेली तेव्हाच तो सामना आपण हरलो होतो.

दुसरा संघ २०१६चा. डिसेंबरात लखनौला बेल्जियमला २-१ हरवून आपण ज्युनिअर वर्ल्डकप जिंकलो. गोल केले गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंगने. त्या संघात हरमनप्रीत होता, मनदीप होता, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा होते. ही सगळी नावं पुढे टोकियोच्या यादीत सापडतात. सगळेच पोचले असं नाही. त्या ज्युनिअर संघाचा कर्णधार हरजीत सिंग ऑलिंपिक खेळला नाही. असं होतंच, ज्युनिअरमधली चमक टिकेल याची हमी नसते. पण या वेळी पोरांना एकदम पाण्यात ढकललं नाही. हरमनप्रीत तर ज्युनिअर वर्ल्डकपच्या आधी, विसाव्या वर्षी, रिओचं ऑलिंपिक खेळून आला होता, आणि तिथून परत ज्युनिअरमध्ये जाऊन खेळला. बाकीचे श्रीजेश, मनप्रीत, रूपिंदरपाल, बीरेंद्र लाक्रा यांच्या शेजारी उभे राहून चार-पाच वर्षं शिकले. या काळात प्रशिक्षकांची नुसती संगीतखुर्ची चालली होती. वॉल्श, व्हान आस, ओल्टमन्स, मरीने, हरेंद्र सिंग, रीड, अशी सहा नावं २०१४ ते २०१९ या वर्षांत झाली. प्रशिक्षकांच्या बाबतीत आपण कधीच सुधारलो नव्हतो. तरी संघ घडला, कारण खेळाडूंची साखळी तुटली नाही.

टोकियोत दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने ७-१ केलं. तेव्हाच्या सवयीने मी दूरचित्रवाणी बंद करायच्या बेतात होतो, पण संघ बिथरला नाही. पुढे स्पेन, अर्जेंटिना, जपान, मग उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटन. उपांत्य सामना बेल्जियमकडून हरलो, आणि ब्राँझसाठी जर्मनीसमोर १-३ने मागे पडून ५-४ जिंकलो. त्यातले दोन गोल सिमरनजीतचे. हा मुलगा मूळ सोळांत नव्हताच. कोविडमुळे राखीव खेळाडूंनाही खेळवायची मुभा मिळाली म्हणून तो मैदानात उतरला. संघबांधणी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी त्याचं नाव सांगतो. सतराव्या-अठराव्या नंबरचा माणूसही तेवढाच तयार असणं.

टोकियो ते पॅरिस हा प्रवास त्याच चालीचा. रूपिंदरपाल आणि लाक्रा पदक घेऊन निवृत्त झाले. २०२३च्या जानेवारीत घरच्याच वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३-१ आघाडी घेऊन ती घालवली, शूटआउटमध्ये हरलो आणि नवव्या जागेवर आलो. ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला, क्रेग फुल्टन आले. तेव्हा वर्तमानपत्रांत ‘आमूलाग्र बदल करा’ असा ओरडा होता. फुल्टन यांनी तसं काही केलं नाही. आधी बचाव घट्ट करा, जिंकणं तिथूनच येतं, एवढंच धरून बसले. तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटायचं. पॅरिसला गेलेल्या सोळा जणांत अकरा टोकियोचे होते आणि पाच पहिलंच ऑलिंपिक खेळणारे : जर्मनप्रीत, संजय, राजकुमार पाल, अभिषेक, सुखजीत.

ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आठवा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, चाळीसहून जास्त मिनिटं दहा जण खेळले, १-१ बरोबरी, शूटआउट. आपले चार गोल कुणाचे? हरमनप्रीत, सुखजीत, ललित, राजकुमार. दोन जुने, दोन नवे. गुरुजी, अकरा आणि पाच हे प्रमाण मला बरोबर वाटतं. २०२५च्या त्या सात पराभवांनंतरही फुल्टन यांनी यादी फाडली नाही, आणि सप्टेंबरमध्ये राजगीरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ४-१ हरवून आपण आशिया चषक घेतला. आता तक्रार करायचीच असेल तर मी ती उलट दिशेने करीन. पॅरिसनंतर ताज्या रक्ताची माणसं येण्याचा वेग कमी झाला आहे. लॉस एंजेलिसपर्यंत पॅरिसचा संघ तसाच राहिला, तर बेल्जियमची गोष्ट आपल्याकडे मराठीत लिहावी लागेल.

प्रश्न : आपला एखादा फॉरवर्ड सामन्यामागून सामना गोल करत नाही, तरी संघात टिकतो. क्रिकेटमध्ये असं चाललं असतं का? गोल फक्त हरमनप्रीतनेच करायचे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : क्रिकेटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो. हॉकीत तसं नाही. निकालाच्या तक्त्यात फक्त गोल करणाऱ्याचं नाव येतं, त्याला पास देणाऱ्याचंही नाही. त्यामुळे प्रेक्षक नेहमी उत्तरपत्रिकेचं शेवटचं पानच वाचतो.

एक पेनल्टी कॉर्नर सावकाश बघू या. चेंडू मागच्या रेषेवर, गोलच्या खांबापासून किमान दहा मीटरवर. तिथून एक जण तो आत ढकलतो. चेंडू ‘डी’च्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर जायलाच हवा, त्याशिवाय गोलावर फटका मारता येत नाही. तिथे दुसरा एक जण वाकून, काठी आडवी टेकून चेंडू जागच्या जागी थांबवतो. टर्फवर पाणी मारलेलं असतं, चेंडू घसरत येतो. तो बोटभर जरी उसळला तरी पुढचं सगळं बिनसतं. मग हरमनप्रीत एक लांब पाऊल टाकतो, चेंडू काठीच्या दांड्यावर घेऊन ओढतो आणि सोडतो. पहिला फटका ठोकून मारला, तर तो गोलातल्या फळीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. फ्लिकला ही मर्यादा नाही, म्हणून जगभर फ्लिक आला. समोर गोलरक्षक धरून पाचच बचावपटू असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. या पाचांतला एक जण चेंडू हलताक्षणी सरळ फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावत सुटतो. तोंडावर मुखवटा, हातात जाड मोजा, आणि समोरून गोळीसारखा येणारा चेंडू. पापणी लवेपर्यंत सगळा खेळ आटोपतो, आणि वर्तमानपत्रात छापून येतं : गोल, हरमनप्रीत.

पॅरिसमध्ये त्याने दहा गोल केले, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. चेंडू आत ढकलणारा आणि थांबवणारा यांची नावं तुम्हाला आठवतात का? खरं सांगा.

धावून जाणाऱ्याची किंमत कळली ती जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. आपल्याकडून हे काम करणारा रोहिदास लाल कार्डामुळे बाहेर बसला होता. जर्मनीला कॉर्नर मिळाला, पेयाने फ्लिक मारला, गोल. आपण २-३ हरलो. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं छातीठोक सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी संघात सगळ्यांत जास्त उणीव भासली ती अशा एकाची, ज्याची किंमत गोलांत मोजली जात नाही. ब्रिटनविरुद्ध तो गेल्यावर मनप्रीत मधली फळी सोडून मागे उतरला आणि उरलेला सामना बचावात राबला. त्याच्या नावापुढेही त्या दिवशी शून्यच.

आता तुमचा फॉरवर्ड. आजच्या हॉकीत बचाव पुढून सुरू होतो. समोरचा बचावपटू चेंडू घेऊन निघाला की त्याची सोपी वाट अडवायची, त्याला कडेला रेटायचं, चुकीचा पास मारायला लावायचा. हे काम मनदीपसारखा खेळाडू सामनाभर करतो आणि त्यात पाय संपवतो. बदल हवे तितके आणि हवे तेव्हा करता येतात, म्हणून फॉरवर्ड काही मिनिटांनी बाहेर येतात, पाणी पितात, परत जातात. ते दमून बाहेर येत असतील तर काम करून आले आहेत असं समजा. गोलावर लक्ष ठेवूच नका असं मी म्हणत नाही. ‘डी’त चेंडू घेऊन किती वेळा शिरला, तिथून किती कॉर्नर मिळवले, चेंडू गेल्यावर किती वेळा परत धावला, एवढं एका सामन्यात मोजून बघा. वहीवर काड्या मारल्या तरी पुरे. कुणाला खरंच काढायला हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल, आणि ते नाव बहुधा आत्ता मनात आहे ते नसेल.

तुमच्या प्रश्नातला एक भाग मात्र मला पूर्ण पटतो. मैदानी गोल कमी पडतात. हरमनप्रीतचा दिवस नसला किंवा तो बाहेर बसला की आपला संघ अर्धा होतो. स्पेनविरुद्धचे ब्राँझचे दोन्ही गोल त्याचेच. अभिषेक अवघड कोनातून वळून मारतो आणि सुखजीत जागा बरोबर शोधतो, तेव्हा आशा वाटते. पण दोघांनी मिळून एखादी मोठी स्पर्धा आपल्या खांद्यावर नेली आहे असं अजून झालेलं नाही. या बाबतीत फुल्टन यांचा बचावी पिंड आड येतो का? थोडासा येतो, असं मला वाटतं.

प्रश्न : श्रीजेशनंतर गोलात कोण? (गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : कृष्ण पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा. पाठकची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा गोलरक्षक टोकियोला राखीव होता आणि पॅरिसलाही राखीव. ऑलिंपिकमध्ये एक मिनिटही नाही. फुल्टन आल्यावर श्रीजेश आणि तो अनेकदा एकाच सामन्यात क्वार्टर वाटून घ्यायचे, तेव्हा कित्येकांनी नाकं मुरडली होती. वारसदार तयार करायचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. टोकियोत शेवटचे ६.८ सेकंद उरले असताना जर्मनीचा कॉर्नर अडवणारा श्रीजेश कुणालाही होता येणार नाही. हॉकी इंडियाने त्याची १६ नंबरची जर्सी वरिष्ठ संघातून निवृत्तच करून टाकली. स्वतः श्रीजेश ज्युनिअर मुलांचा प्रशिक्षक झाला, आणि २०२५च्या डिसेंबरात त्या मुलांनी चेन्नईला ज्युनिअर वर्ल्डकपचं ब्राँझ आणलं. पुढच्या फळीकडे बघायचं असेल तर तिथे बघा.

प्रश्न : धनराजनंतर महाराष्ट्राचं नाव हॉकीत ऐकू का येत नाही? आणि मुलींच्या संघाबद्दल कुणीच का लिहीत नाही? (क्रीडाशिक्षिका, फलटण)

उत्तर : बाई, तुम्ही फलटणहून लिहिता आणि हे विचारता! वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे तुमच्याच तालुक्यातल्या, ऋतुजा पिसाळही तुमच्याच जिल्ह्यातली. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून त्या भारताकडून खेळल्या. पुरुषांत धनराजनंतरच्या पिढीतला विरेन रस्किन्हा अथेन्सला गेला, देविंदर वाल्मिकी रिओला. नावं आहेत, पण तुटक आहेत. ओडिशातल्या सुंदरगडमध्ये किंवा जालंधरच्या आसपास पोराच्या हातात काठी आली की शाळा, वसतिगृह, टर्फ आणि पुढे नोकरी, अशी सरळ वाट दिसते. आपल्याकडे खडकी आणि मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून खेळाडू आले ते बरेचसे स्वतःच्या हिमतीवर. ओडिशा सरकारने २०१८पासून दोन्ही राष्ट्रीय संघांना प्रायोजकत्व दिलं. इतर कुठल्या राज्याने असं केलेलं नाही, आपल्यानेही नाही.

मुलींच्या संघाबद्दल लिहिलं जात नाही हे खरं, आणि ते लाजिरवाणं आहे. संघबांधणी कशी करू नये याचा धडा तिथेच मिळतो. टोकियोत पहिले तिन्ही सामने हरून त्या उठल्या, उपांत्यपूर्व फेरीत गुरजित कौरच्या एका गोलावर ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि चौथ्या आल्या. कर्णधार होती राणी रामपाल. त्यानंतर राणी दुखापतीतून सावरली, पण संघात तिची जागा पुन्हा पक्की झालीच नाही. तिला वगळण्याची धड कारणंही कधी लोकांसमोर आली नाहीत. २०२४च्या जानेवारीत रांचीला पॅरिसची पात्रता स्पर्धा होती. उपांत्य सामना जर्मनीविरुद्ध शूटआउटमध्ये गेला, आणि शेवटच्या संधीत जपानकडून ०-१. कॉर्नर मिळत गेले, गोल एकही झाला नाही. टोकियोत हॅटट्रिक करणारी वंदना कटारिया ऐन वेळी गालाचं हाड मोडल्याने बाहेर होती. प्रशिक्षिका स्कोपमन यांनी राजीनामा दिला. २०२५मध्ये संघ प्रो लीगच्या तळाला जाऊन बाहेर पडला. टोकियोला मुलींचा प्रशिक्षक होता तो मरीने, तोच आता परत आला आहे. मला त्याच्यापेक्षा एका गोष्टीत जास्त रस आहे : रांचीत जपानविरुद्ध गोल का झाला नाही याचा कुणी नीट अभ्यास केला आहे का? मुलांच्या संघाच्या अशा पराभवावर आठवडाभर चर्चा झाली असती.

प्रश्न : २०२६चा वर्ल्डकप आणि आशियाई स्पर्धा लागोपाठ आहेत. दोन वेगळे संघ पाठवावेत का? (वाचक, कल्याण)

उत्तर : वर्ल्डकप १५ ते ३० ऑगस्ट, नेदरलँड्समधल्या आम्स्टलव्हेन आणि बेल्जियममधल्या वाव्हर इथे. आशियाई स्पर्धा १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आयची-नागोयाला. मध्ये तीन आठवडेही नाहीत. आणि आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्याला लॉस एंजेलिसचं थेट तिकीट आहे, म्हणजे दुय्यम स्पर्धा म्हणून ती कुणावरही ढकलता येत नाही. हांगझोऊला २०२३मध्ये जपानला ५-१ हरवून हे तिकीट आपण घेतलं होतं, म्हणून पॅरिसची तयारी निवांत झाली. तिथे मुलींना ते जमलं नव्हतं, त्याचे परिणाम वर लिहिलेच आहेत.

दोन वेगळे संघ करू नयेत. आपल्याकडे अजून दोन पूर्ण संघांइतकी खोली नाही, आणि गोलात व कॉर्नरवर तर नाहीच. पण वर्ल्डकपचे सगळे जसेच्या तसे जपानला नेणंही चूक ठरेल. माझ्या हातात असतं, तर ज्युनिअर ब्राँझ जिंकून आलेल्यांपैकी चार-पाच जण मी दोन्ही दौऱ्यांना बरोबर ठेवले असते, ऑगस्टमध्ये बहुतेक वेळ बाकावर आणि सप्टेंबरमध्ये मैदानात. दुसरा ड्रॅग-फ्लिकर तर आत्तापासूनच हवा, हरमनप्रीत तंदुरुस्त असतानाच, प्रत्येक सामन्यात निदान एक कॉर्नर त्याला मारू द्यावा. त्यात एखादा सामना गेला तर लोक ओरडतील, गुरुजींचंही आणखी एक पत्र येईल. ते मी छापीन.